जुनी डिझेल अर्टिगा, सहा माणसांचं घर आणि कुंभार्ली घाट

आमच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. नणंद चिपळूणला, माझं माहेर पुण्यात आणि आम्ही कऱ्हाडात. त्यामुळे गाडी बारा महिने रस्त्यावर असते आणि बहुतेक वेळा भरलेलीच असते. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही मारुतीची २०१७ ची सात सीटची डिझेल अर्टिगा सेकंड हँड घेतली. हिवाळा, उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा तिने काढला. चालवते मुख्यतः मीच, त्यामुळे पुढचं सगळं ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलेलं आहे.

घेताना सगळ्यात मोठा प्रश्न होता सासूबाईंच्या गुडघ्यांचा. दोन्ही गुडघे झिजलेले, पाय उचलून वर ठेवणं त्यांना जमत नाही. बोलेरो आम्हाला सगळ्यांना आवडायची, पण तिच्यात चढायलाच एक पायरी, आणि मागे आडव्या सीटवर तोंडासमोर तोंड करून बसायचं. इनोव्हा जुनी घ्यायची म्हटली तरी खिशाबाहेर. होंडाची मोबिलिओ आणि शेवरोलेची एन्जॉय स्वस्तात मिळत होत्या. पण मोबिलिओ २०१७ मध्येच बंद झाली, आणि शेवरोलेने तर त्याच वर्षी भारतातली विक्री थांबवली. रेनॉची लॉजी चालवून पाहिली. खड्ड्यांवरून ती फार छान जाते, आतली जागाही ऐसपैस. ती २०२० ला बंद झाली आणि आमच्या भागात तिचं काम जाणणारे मेकॅनिक कमी, एवढ्याच कारणाने सोडली. अर्टिगाच्या सीटची उंची अशी आहे की सासूबाई आधी पाठमोऱ्या बसतात आणि मग पाय आत घेतात. खुर्चीत बसल्यासारखं. कुणी हात द्यावा लागत नाही. माझ्या मते कुटुंबासाठी गाडी बघायला जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावं आणि शोरूममध्ये वा एजंटकडे चार वेळा बसा-उठायला लावावं. फीचरची यादी त्यानंतर वाचली तरी चालते.

इंजिनाबद्दल थोडं. भारतात अर्टिगा आली एप्रिल २०१२ मध्ये. तिच्यातलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया अशा कितीतरी गाड्यांत होतं. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यातही ते बनायचं. याचा आज आम्हाला होणारा फायदा असा की कऱ्हाडपासून चिपळूणपर्यंत कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये या इंजिनावर हात बसलेला माणूस सापडतो आणि पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे; म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. ताकद ९० पीएस, टॉर्क २०० एनएम. मारुतीने १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर, डिझेल गाड्या बंदच केल्या. त्यामुळे डिझेल अर्टिगा हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते.

आमची एसएचव्हीएस, म्हणजे सुझुकी जिला ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणते ती आहे. मागे तसा बिल्ला असतो आणि विकणारे त्याला बिनधास्त हायब्रिड म्हणतात. ती बॅटरीवर एक मीटरही चालत नाही, हे आधी समजून घ्या. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होतं, क्लच दाबला की चालू होतं, आणि वेग घेताना थोडा हातभार लागतो. पुण्यात याचा उपयोग होतो, पण मे महिन्यात इंजिन बंद झालं की एसीचा गारवाही उतरतो आणि मागून सासरे लगेच विचारतात, “एसी बंद केलास का गं?” बॅटरी साध्या गाडीपेक्षा मोठी असते आणि बदलायला महाग पडते. घेताना तिची तारीख बघून घ्या.

आता घाट. कऱ्हाडहून पाटण, हेळवाक आणि मग कुंभार्ली उतरून पोफळी, अलोरे, शिरगावमार्गे चिपळूण. जाताना उतार आहे, त्यामुळे गाडीची परीक्षा येताना होते. त्यात नणंदेकडून निघताना डिक्कीत कधी आंब्याच्या पेट्या, कधी नारळ, कधी फणस असतोच. सहा माणसं, सामान, एसी चालू आणि समोर हेअरपिन. हे इंजिन दोन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) वर खूप गोड ओढतं आणि दीड हजाराच्या खाली त्यात जीवच नसतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, जागा होईपर्यंत एक-दोन सेकंद काहीच होत नाही. पेट्रोल गाडीची सवय असलेला माणूस वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये शिरतो, गाडी दबते, मग तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो, तरी ती ढिम्म. मागे एसटी लागलेली असते, माणूस घाबरतो आणि हाफ क्लचवर ओढायला लागतो. क्लच जळतात ते इथेच.

मला जमलेली पद्धत सांगते. वळण घट्ट असेल आणि चढ असेल तर वळणाच्या आधीच, गाडी सरळ असतानाच, पहिला गिअर पाडायचा. वळणात शिरल्यावर पाडायला गेलं तर उशीर होतो. काटा दोन हजाराच्या खाली येऊ द्यायचा नाही. वळण सुटलं की दुसरा. असं केलं की भरलेली गाडीसुद्धा न कुरकुरता चढते. आमचे हे पहिल्यांदा शेजारी बसून आश्चर्याने बघत होते, कारण ते घाटात पहिला गिअर टाकणं कमीपणाचं समजायचे. उतरताना दुसऱ्या गिअरवर सोडते, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. पावसाळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. मागे तीन माणसं आणि सामान असलं की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या चढावर थांबून पुन्हा निघताना ती जागेवर फिरतात. हळुवार क्लच सोडला तर निघते. पण पुढचे टायर गुळगुळीत झालेले असतील तर कोयनेच्या पावसात अजिबात जाऊ नका. जुन्या गाडीबरोबर आलेले टायर आम्ही पावसाच्या तोंडावर काढून टाकले आणि १८५/६५ आर१५ चे चार नवे घातले. तो खर्च आधी डोळ्यांवर आला होता, आता वाटतं सगळ्यात चांगला खर्च तोच.

ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १८५ मिलिमीटर आहे. रिकाम्या गाडीला ते पुरतं, सात माणसं बसली की मागची बाजू खाली बसते आणि गावातल्या उंच गतिरोधकाला पोट घासतं. मी आता तिरकी घालून एक-एक चाक उतरवते. टायरमध्ये हवा भरताना भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना वेगळा आकडा असतो, तो दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आहे. पंपावरचा मुलगा चारही चाकांना सारखीच हवा भरतो, त्याला सांगावं लागतं.

बसण्याबद्दल खरं ते सांगते. मधली रांग राजेशाही. सीट पुढे-मागे सरकते, पाठ कलते, आणि छतावरचा एसीचा ब्लोअर थेट अंगावर येतो. सासू-सासरे पुण्यापर्यंत मधे एकदाच, चहाला उतरतात. शेवटची रांग मात्र मुलांची. बारा-तेरा वर्षांपर्यंत ठीक, मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात, आणि सातारा-पुणे एवढं अंतर तिथे बसणं म्हणजे शिक्षा आहे. लग्नाच्या हॉलपासून घरापर्यंत जायचं असेल तर कोणीही बसेल. घाटात आणखी एक अडचण: मुलीला मागे गाडी लागते. शेवटच्या रांगेत खिडकीची काच खाली होत नाही आणि गाडीचं शेपूट वळणावर जास्त हलतं. आता कुंभार्लीच्या आधी हेळवाकला थांबून ती आजीशेजारी मधे येते आणि हे मागे जातात. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेव्हापासून एकदाही उलटी झालेली नाही.

डिक्की ही या गाडीची सगळ्यात कमकुवत बाजू. तिन्ही रांगा उघड्या असताना १३५ लिटर, म्हणजे दोन मध्यम बॅगा उभ्या. सहा माणसं आणि चार दिवसांचं सामान बसत नाही. आम्ही मागच्या रांगेतली अर्धी सीट पाडतो, तिथे सामान आणि उरलेल्या अर्ध्यात एक मूल. सातवं माणूस आलं की टपावर कॅरिअर लागतो. घाटात टपावर वजन ठेवायला मला आवडत नाही, म्हणून आम्ही तो लावलेला नाही.

ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असं मोजते. पुण्याला हायवेने, ऐंशीच्या आसपास ठेवून, २० ते २१. चिपळूण भरल्या गाडीने जाऊन-येऊन १६-१७. कऱ्हाडातल्या कऱ्हाडात १४-१५. कंपनीचा २४.५२ हा आकडा चाचणीतला आहे, रस्त्यावर तो धरू नका. डिझेल आमच्याकडे नव्वदच्या आसपास आहे, म्हणजे हायवेला किलोमीटरला साडेचार रुपये. याच पिढीची पेट्रोल अर्टिगा आमच्या भावाकडे आहे, तिला भरलेली असताना किलोमीटरला साडेसातच्या आसपास पडतात. आमचीला भरलेली असताना साडेपाचच्या आसपास पडतात. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर दोन हजारांचा फरक. सीएनजीचा हिशोब याहून चांगला लागतो, हे मान्य आहे. नव्या सीएनजी अर्टिगाचा कंपनीचा आकडा किलोला २६.११ किलोमीटर आहे. पण सिलिंडर डिक्कीत येतो, आणि असलेली जागाही जाते. आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

मात्र ज्यांची गाडी रोज शाळा, बाजार आणि परत घर एवढीच फिरते त्यांनी डिझेल घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद होत राहिलं की ईजीआरमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळी साठते, पिकअप जातो आणि काळा धूर येऊ लागतो. बीएस-६ डिझेलमध्ये असतो तो डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, या जुन्या इंजिनाला नाही, ही त्यातल्या त्यात सोय. तरी आठवड्यातून एकदा तरी तासभर मोकळ्या रस्त्यावर धावणं तिला लागतं.

देखभालीत ऑईल आणि डिझेल फिल्टर वेळेवर, एवढं पथ्य पाळलं. टर्बोची गाडी आहे, त्यामुळे घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवत नाही, मिनिटभर आयडलवर ठेवते. पुढच्या सस्पेन्शनमधून खटखट आवाज यायला लागला तेव्हा एका वर्कशॉपने पुढचा अख्खा सेट बदलायला सांगून पंचवीस हजारांचा अंदाज दिला. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने गाडी वर उचलून लिंक रॉड हाताने हलवून दाखवला. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलले आणि आवाज गेला. जुन्या गाडीला दुसरं मत घेतल्याशिवाय मोठं काम काढू देऊ नका.

घेणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: यातल्या कित्येक गाड्या टॅक्सीत पळालेल्या आहेत. आरसी बुकात गाडी आधी कुठल्या वर्गात नोंदलेली होती ते पाहा, सर्व्हिस रेकॉर्ड मागा. मीटरवर साठ हजार आणि क्लच पेडलचं रबर घासून सपाट, स्टिअरिंग चकचकीत, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सकाळी थंड इंजिनावर जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडून बघायला मेकॅनिकला सांगा, तिथून भकाभका धूर येत असेल तर घासाघीस न करता परत फिरा. दोन एअरबॅग आणि एबीएस आमच्या मॉडेलला आहेत, सुरुवातीच्या खालच्या मॉडेलना नव्हते. आम्ही यासाठी दोन स्वस्त गाड्या सोडल्या. आणि नोंदणीची तारीख बघा: पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी आणि हरित कर येतो, त्यामुळे २०१२-१३ च्या गाडीचा भाव त्या हिशोबाने पाडून मागा. आमची २०३२ पर्यंत आहे.