चालता चालता थेरपी: ठाणे–नवी मुंबईत नऊ महिने वापरल्यावर

खोलीत समोरासमोर बसण्याऐवजी थेरपिस्टबरोबर बागेत चालत चालत बोलायचं, ती ही ‘वॉक अँड टॉक’ थेरपी. ऑक्टोबर ते जून, एकूण ३१ बैठका. त्यातल्या १९ चालत, ८ खोलीत, ४ ऑनलाइन. पैसे आणि वेळ वसूल झाला का, तर हो. पण ‘वॉक अँड टॉक थेरपी ठाणे’ असं टाकून शोधलं तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. येतात ते वेलनेस कोच, शनिवार-रविवारच्या निसर्गसहली आणि एखादा योगवर्ग.

शोध उलट्या टोकाकडून करावा लागतो. आधी चालायची वाट ठरवायची, मग तिच्यापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत बसणारे थेरपिस्ट पाहायचे. अंतराची अट महत्त्वाची आहे. थेरपिस्टच्या बैठका पाठोपाठ लागलेल्या असतात, त्यामुळे येण्याजाण्यात तासभर जाणार असेल तर ते नाही म्हणतात किंवा प्रवासाचे वेगळे पैसे लावतात. शिवाय अचानक पाऊस आला तर दहा मिनिटांत खोली गाठता आली पाहिजे. फक्त बाहेरच भेटणारा, स्वतःची खोलीच नसलेला थेरपिस्ट टाळलेला बरा.

विचारताना लांबण लावू नये. हा मजकूर पुरेसा होतो: ‘पहिल्या दोन-तीन बैठका तुमच्या खोलीत आणि नंतर तुम्हाला योग्य वाटलं तर काही बैठका जवळच्या बागेत चालत घेता येतील का? याआधी कोणाबरोबर अशा बैठका घेतल्या आहेत का? पाऊस आला किंवा मध्येच त्रास झाला तर काय करता?’ उत्तरात ‘हो हो, मस्त कल्पना, उद्याच येऊ’ आलं तर सावध व्हा. चांगला थेरपिस्ट आधी उलट प्रश्न विचारतो: कशासाठी यायचं आहे, औषधं चालू आहेत का, गुडघे किंवा हृदयाचं काही आहे का, घरातलं कोण त्या भागात राहतं.

शिक्षणाची खात्री करायला संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी असते. तिचा सीआरआर म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक मागायचा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहायचा. नोंदणी मुदतीची असते, ती चालू आहे ना हेही पाहा. गोळ्या लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर असतो, तो वेगळा. एमए करून समुपदेशन करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत उत्तम माणसं आहेत, पण त्यांना हा सीआरआर क्रमांक नसतो. तिथे प्रशिक्षण कुठे झालं आणि सध्या सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून स्वतःच्या कामाची तपासणी, कोणाकडे घेता, हे दोन प्रश्न विचारावेत. चालत थेरपी देण्याचा म्हणून कुठला सरकारी परवाना नाही. ‘सर्टिफाइड वॉक थेरपिस्ट’ असं कोणी लिहिलं असेल तर कोणी सर्टिफाइड केलं, ते विचारा.

प्रकार तसा नवा नाही. थॅडियस कोस्त्रुबाला नावाचे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ १९७०च्या दशकातच रुग्णांबरोबर धावत धावत उपचार करत होते. आपल्याकडे धावायची गरज नाही. ताशी साडेतीन किलोमीटर हा वेग पुरतो, म्हणजे ३५ मिनिटांत दोन किलोमीटरच्या आसपास. एक अख्खं वाक्य बोलून होईपर्यंत मध्ये श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. घड्याळातली पावलं पूर्ण करायला ही वेळ वापरू नये. तसं केलं की दोन्ही कामं अर्धवट होतात.

आता वाटा. सगळा खेळ इथे आहे.

ठाण्यात तलावपाळी डोक्यातून काढून टाका. मासुंदा तलाव, शेजारी गडकरी रंगायतन, गाड्या, खाऊगाड्या, संध्याकाळी घोळक्याने फिरणारी माणसं. ठाणेकराला तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही असं होतच नाही. कचराळी तलाव सुटसुटीत आहे, पण सकाळी सगळे एकाच दिशेने चालतात, मागचा माणूस चार पावलांवर असतो आणि त्याला सगळं ऐकू जातं. हिंदी-इंग्रजीत बोललं तरी उपयोग नाही, इथे तिन्ही भाषा सगळ्यांना येतात. उपवनचा काठ आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी नऊनंतर चालण्याजोगा असतो, रविवारी नाही. येऊर ऐकायला फार छान वाटतं, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्यांचा वावर आहे, चढ आहे आणि वळणांवरून दुचाक्या येतात. चढावर बोलताना दम लागतो आणि गाडी आली की वाक्य तुटतं. थेरपीसाठी येऊर नको. एकट्याने चालायला जा. कोलशेतचं ग्रँड सेंट्रल पार्क प्रशस्त आहे, तिकीट आहे, आणि घोडबंदर रोडची वाहतूक सांभाळून वेळेवर पोहोचायचं म्हणजे बैठकीच्या आधीच बीपी वाढतं.

नवी मुंबई या बाबतीत ठाण्यापेक्षा सरस आहे. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हे सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, होल्डिंग पाँडभोवती आहे. भरतीचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून शहर वसवतानाच असे तलाव ठेवले होते. वाट गोल, सपाट आणि रुंद, त्यामुळे फाटकापासून किती दूर आहोत हे कायम कळतं. ओहोटीला गाळाचा वास येतो, म्हणून भरतीचं वेळापत्रक पाहून वेळ घ्यावी. संध्याकाळी डास कडाडून चावतात. पूर्ण बाह्या आणि मोजे हवेतच. खारघरचं सेंट्रल पार्क फार मोठं, समोर डोंगर, गर्दी विरळ, पण काही पट्ट्यांत सावली अजिबात नाही. मार्च ते मे तिथे सकाळी आठनंतर जाऊ नये. वाशीचा सागर विहार निवांत आहे, पण वाट छोटी, तीच माणसं पुन्हापुन्हा समोरून येतात. पाम बीच रोडचा पदपथ गाड्यांच्या आवाजामुळे बाद.

वाट निवडताना दोन मीटर तरी रुंदी हवी, म्हणजे दोघं शेजारी चालत असताना तिसरा मागून सुटा जाऊ शकतो. दहा-बारा मिनिटांची गोल फेरी सर्वांत उत्तम. सरळ जाऊन परत येण्याच्या वाटेवर अडचण अशी, की नेमकं रडू आलं तेव्हा फाटक पंचवीस मिनिटांवर असतं. स्वच्छतागृह, दोन-तीन बाक आणि मोबाइलची रेंज एकदा स्वतः जाऊन, ज्या वाराला आणि ज्या वेळेला बैठक आहे त्याच वेळी पाहून या. काही बागा दुपारी बंद असतात. वेळ फाटकावर लिहिलेली असते. हास्यक्लब कुठल्या कोपऱ्यात जमतो आणि स्पीकरवर जुनी गाणी लावून फिरणारे काका किती वाजता येतात, तेही त्यातच कळतं.

पहिल्या दोन-तीन बैठका खोलीतच व्हाव्यात. मग लेखी करार, साधा एक पानी. ओळखीचं कोणी भेटलं तर काय म्हणायचं, हे त्यातलं सर्वांत उपयोगी कलम. आमचं ठरलेलं उत्तर ‘कामाचं बोलतोय, नंतर फोन करतो’ असं होतं. थेरपिस्ट दोन पावलं पुढे जाते, स्वतःची ओळख करून देत नाही. कोणी अगदी जवळ आलं तर बोलणं थांबवायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांच्या गुप्ततेचा हक्क आहे आणि तो बागेतही लागू आहे, पण मागून चालणाऱ्या माणसाला तो बांधून ठेवत नाही. म्हणून हा धोका पत्करायला तुमची संमती हवी, आणि ती कधीही मागे घेता आली पाहिजे. तातडीचा संपर्क, चक्कर आली किंवा पाय मुरगळला तर काय, पावसामुळे बैठक मोडली तर ती ऑनलाइन की पुढच्या आठवड्यात, हेही लिहून घ्या. स्त्री-पुरुष जोडी बाकावर बसली की बागेतला सुरक्षारक्षक येऊन ‘इथे बसू नका’ म्हणतो. त्यावर वाद न घालता उठून चालू लागणं सोपं, पण हे होतं हे दोघांनाही आधी माहीत असावं.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: मनगटावरचं घड्याळ. चालण्याचं ॲप आपोआप वाट आणि वेळ सगळ्यांना दाखवत असेल तर दर बुधवारी दहाला तुम्ही कुठे असता ते ओळखीच्यांना कळतं. बैठकीपुरतं बंद ठेवा. यूपीआयच्या शेऱ्यातही ‘थेरपी’ लिहू नका, विशेषतः खातं संयुक्त असेल तर.

पन्नास मिनिटांची विभागणी हळूहळू बसली. पहिली पाच मिनिटं उभ्याने: आज कसं आहे, काय बोलायचं. मग तीन फेऱ्या, साधारण पस्तीस मिनिटं. शेवटची दहा बाकावर. अवघड विषय पहिल्या फेरीतच काढायचा. तिसऱ्या फेरीत काढला की बैठक उघडी राहते आणि माणूस तसाच रिक्षात बसतो. कोणत्या बाजूला कोण चालणार हेही ठरवा. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर चांगला कान थेरपिस्टच्या बाजूला. नजरेला नजर न देता बोलता येतं, हा या पद्धतीचा खरा फायदा. गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, पाय चालू असतात. तोटाही तिथेच आहे: थेरपिस्टला चेहरा दिसत नाही आणि तिला टिपणं काढता येत नाहीत. ती नंतर लिहून ठेवते का, हे विचारून घ्या.

जे जमत नाही ते जमत नाही. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याची पद्धत, तिचे तक्ते भरायला टेबल लागतं. आघातावरचं खोल काम, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणी हाताळण्याची पद्धत) वगैरे, उघड्यावर करू नये. आत्महत्येचे विचार चालू असतील, भास होत असतील, तर वाट शोधत बसू नका. १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार रोखणारं औषध) चालू असेल तर एप्रिल-मेच्या घामाने शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तातली त्याची पातळी चढू शकते, म्हणून उन्हाळ्यातल्या बैठकांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. गर्दीची भीती हाच त्रास असेल तर बागेतली बैठक म्हणजे उपचाराची पायरी ठरते. ती थेरपिस्टने ठरवून द्यायची, तुम्ही हौसेने घ्यायची नाही.

फी १,२०० ते २,५०० रुपयांच्या दरम्यान सांगितली गेली. चालत बैठकीला काहींनी दोन-तीनशे जास्त मागितले, काहींनी नाही. विमा कंपनीने मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा असं २०१७च्या कायद्यात आहे, पण बाह्यरुग्ण उपचार बहुतेक पॉलिसींत बसतच नाहीत. पावती मात्र नोंदणी क्रमांकासह घ्या.

महिन्याला तीन बैठका असतील तर दोन चालत आणि एक खोलीत हे प्रमाण बरं पडलं. फक्त चालत राहिलं की बोलणं मोकळं होतं, पण कामाचा धागा सुटतो. खोलीतल्या बैठकीत तो पुन्हा पकडता येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाहेरचं बंद केलं. दोन छत्र्या उघडल्या की दोघांत मीटरभर अंतर पडतं, पावसाच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं आणि शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय घसरतो. एका छत्रीत चालणं थेरपीच्या मर्यादेत बसत नाही. ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, नोव्हेंबरात, पुन्हा नेरूळ.