सी-व्हिजिल: सभेतल्या भाषेची तक्रार करायची तर

निवडणूक आयोगाचं हे अ‍ॅप २०१८ पासून आहे. आचारसंहिता लागू असेल तेव्हाच चालतं, एरवी उघडून उपयोग नाही. पैसे, दारू वाटल्याच्या तक्रारींसाठी ते उत्तम. धर्म-जातीवरून भडकावणाऱ्या भाषणाचीही तक्रार घेतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

व्हिडिओ जास्तीत जास्त २ मिनिटांचा, तोही अ‍ॅपमधूनच काढायचा. गॅलरीतला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चालत नाही. ही अट योग्यच आहे, नाहीतर जुन्या क्लिपांचा पाऊस पडला असता. पण वक्ता तासभर बोलतो, आक्षेपार्ह वाक्य दोन सेकंदांत येतं आणि तोवर फोन खिशात असतो. म्हणून भाषण तापायला लागलं की अ‍ॅप उघडून तयार राहा. जीपीएस आधीच चालू ठेवा; तपासायला येणारं आयोगाचं भरारी पथक त्या ठिकाणावरच पोहोचतं. चित्रण झाल्यावर पाठवायला ५ मिनिटंच मिळतात, तेवढ्यात वक्त्याचं नाव आणि नेमकं वाक्य लिहा. नुसतं 'वाईट बोलले' लिहिलं तर अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

१०० मिनिटांत निर्णयाचं बंधन आहे. बेकायदा फलक तेवढ्यात उतरतो, भाषणाचा अर्थ लावणं मात्र अवघड. निनावी तक्रारीचं पुढे काय झालं ते कळत नाही. भीती नसेल तर मोबाइल नंबर देऊनच करा. रात्री १० नंतरचा भोंगा किंवा मुद्रकाचं नाव नसलेलं पत्रक असेल, तर अ‍ॅप बिनधास्त वापरा.