प्लॅनिंग सॉफ्टवेअरमधली मास्टर डेटाची उतरंड: काजू-आंब्याच्या कारखान्यात आठ महिने वापरल्यावर

सिंधुदुर्गातला कारखाना, माल दोन प्रकारचा: काजूगर आणि हापूसचा डबाबंद पल्प. सॉफ्टवेअरचं विक्रीच्या अंदाजाचं गणित चांगलं आहे. पण ज्या उतरंडीवर (माल, ठिकाण, काळ यांच्या मूळ नोंदी, म्हणजे मास्टर डेटा, एकाखाली एक लावायची रचना) ते उभं राहतं ती चुकली तर आकडे कामाचे राहत नाहीत, म्हणून हा अनुभव तिच्यापुरताच.

मालाला चार पातळ्या पुरतात: गट, प्रकार, ग्रेड, पॅक. म्हणजे काजूगर, अख्खा, डब्ल्यू-३२० (गराच्या आकारावरून पडलेली ग्रेड), ११.३४ किलोचा डबा. विक्रीवाले पॅकच्या भाषेत बोलतात, त्यामुळे पॅक ग्रेडच्या वर ठेवायचा मोह होतो. तसं केलं की डब्यातला ३२० आणि पाव किलोच्या पाऊचमधला ३२० वेगळ्या फांद्यांवर जातात, आणि ३२० एकूण किती हे एका आकड्यात दिसत नाही. काजूत नेमका तोच आकडा लागतो. बी फोडली की २४०, ३२०, पाकळी, तुकडा सगळं एकदमच निघतं. हवी तेवढीच ग्रेड काढता येत नाही. तो गर डब्यात भरायचा की पाऊचमध्ये, हे मात्र शेवटपर्यंत आपल्या हातात असतं.

देवगड, रत्नागिरी यांची पातळी करू नका. उतरंडीतल्या एका घटकाला (नोडला) एकच पालक, म्हणजे लगेच वरचा घटक, चालतो आणि दोन्हीकडच्या आंब्यांच्या मिश्र पल्पला दोन होतात. हापूसच्या २०१८ च्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे आहेत. जिल्हा हा बॅचचा गुणधर्म म्हणून नोंदवावा, फिल्टर लावून हवा तेव्हा वेगळा काढता येतो.

खरा त्रास एक्सेलमधून डेटा चढवताना. ‘००४५’ या कोडचा ४५ होतो, त्या ओळीला पालक सापडत नाही, आणि ती बेरजेबाहेर लटकत राहते. सॉफ्टवेअर चूक दाखवतही नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. कोणी ‘वेंगुर्ला’ लिहितं, कोणी ‘वेंगुर्ले’, की एका गोदामाची दोन होतात. म्हणून जोडणी नावावर नको, कोडवरच हवी. दर वेळी डेटा चढवल्यावर खालच्या पातळीची बेरीज आणि वरचा आकडा किलोमध्ये ताडून पाहा. पल्पच्या कार्टनमध्ये ३.१ किलोचे ६ डबे, म्हणजे १८.६ किलो. कोणी १८ टाकले तर हजार कार्टनमागे ६०० किलो गायब.

गटाचा अंदाज खाली वाटताना सॉफ्टवेअर मागच्या विक्रीचं प्रमाण घेतं. नव्या पाऊचची मागची विक्री शून्य, म्हणून वाटाही शून्य. जुन्या मिळत्याजुळत्या पॅकचं प्रमाण हातानं द्यावं लागतं. ताज्या आंब्याची पेटीही याच उतरंडीत असेल, तर बारा महिन्यांची सरासरी न घेता गेल्या वर्षीचे तेच महिने घ्या.

पॅक एका पालकाखालून दुसऱ्याखाली हलवला की त्याचा जुना इतिहासही सोबत जातो आणि मागच्या वर्षीच्या बेरजा बदलतात. आधी प्रत काढून ठेवावी.

काळाच्या उतरंडीत आठवडा महिन्याखाली सरळ बसत नाही. ३१ मार्च २०२५ ला सोमवार होता. त्या आठवड्याचा एक दिवस जुन्या आर्थिक वर्षात आणि सहा नव्यात, तेही ऐन आंब्याच्या हंगामात. असे आठवडे महिनाअखेरीला तोडून दोन तुकडे करायची सोय सेटिंगमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी, कारण डेटा भरल्यावर बदलायची तर सगळा इतिहास पुन्हा चढवावा लागतो.