सिडकोतलं जुनं रो-हाऊस की सातारा परिसरातला नवा फ्लॅट?

गेवराईचा माझा मावसभाऊ दिवाळीपासून संभाजीनगरात घर बघतोय. पैसे तेवढेच, पर्याय दोन: सिडकोतलं जुनं रो-हाऊस, नाहीतर बीड बायपासपलीकडे सातारा परिसरात नवा टू-बीएचके. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

सिडको हे खरं तर महामंडळाचं नाव, पण आपल्याकडे तो पत्ता झाला. १९७० साली नवी मुंबईसाठी स्थापन झालेल्या या महामंडळाने पुढे इथेही वसाहत आखली आणि एन-१, एन-२ करत सेक्टर पाडले. टीव्ही सेंटरकडचा भाग म्हणजे हडको. शेजारी चिकलठाण्याची एमआयडीसी होतीच, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. बीड, जालना, परभणीकडून आलेले कामगार, मास्तर, बँकेतले कारकून इथे हप्ते फेडत स्थिरावले. ती पिढी आता सत्तरीत आहे, म्हणून घरं विकायला निघतायत.

एन-७ मधलं आमच्या आत्याचं घर घ्या. मूळ दोन खोल्या आणि पुढे ओटा. मुलगा दहावीला गेला तेव्हा वर एक खोली चढली, त्याच्या लग्नात दुसरी. जिना बाहेरून काढावा लागला, त्यात ओटा गेला आणि तुळस गच्चीवर. गल्लीतली निम्मी घरं अशीच वाढलीत. त्यामुळे आखीव वसाहत असूनही संध्याकाळी चारचाकी लावायला जागा मिळत नाही. पण दवाखाना, शाळा, भाजी, पिको-फॉल सगळं पायी. आत्याला बरं नसलं की शेजारची काकू न सांगता वरण-भात आणून ठेवते.

घोळ असतो तो कागदांचा. २००६ मध्ये या वसाहती महापालिकेकडे गेल्या, तरी प्लॉट मुळात सिडकोने लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेले. घर लीजचं की फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचं, सिडकोच्या दप्तरी नाव कोणाचं, मूळ मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, हे इसार देण्याआधी बघा. बहीण विदेशात आहे, सही नंतर होईल, असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

सातारा म्हणजे मूळ खंडोबाचं गाव. चंपाषष्ठीला आजही भंडारा उधळतो, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. भोवतालची शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एका बंगलीला पुरे. सिडकोत रस्ते आधी पडले, माणसं मागून आली. इथे उलटं झालं. २०१४ मध्ये सातारा-देवळाई नगर परिषद जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी हा भाग महापालिकेत गेला. तोवर घरं उठून गेली होती. नळ आणि ड्रेनेज मागून धावतायत. म्हणून बोअर आणि टँकरवर भिस्त.

फ्लॅट बघायला मे महिन्यात जा. बिल्डरच्या माणसाला नाही, वॉचमनला विचारा, आज टँकर किती आले? त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का, तेही विचारा. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती आहे का, की गुंठ्यांनी विकलेली होती आणि गुंठेवारीत नियमित केलंय, याचा कागद हातात घेऊन वाचा. सिडकोतही नळ रोज येत नाही, जायकवाडी भरलेलं असलं तरी. पण तिथे हौद आणि सवय, दोन्ही जुने.

माणसं इथे तरुण, बहुतेक जण पहिल्यांदाच स्वतःच्या घरात आलेले. शेजाऱ्याची ओळख सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते, तीही पाण्यावरून. लिफ्ट, पार्किंग, मोकळा वारा मात्र खरा.

माझं मत विचाराल तर आई-वडील सोबत असतील तर सिडको, एक खोली कमी मिळाली तरी. दोघंही नोकरीला आणि मुलं लहान असतील तर सातारा चालेल, टँकरचा खर्च हप्त्यात धरून. भाऊ सिडकोकडे झुकलाय. वहिनीला सातारा हवाय, किचनच्या खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून.