बूट न होणारे लिनक्स व्हर्च्युअल मशीन: कन्सोलवरून दुरुस्ती, की डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून?

लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन बूट होईनासे झाले की सहसा दोनच मार्ग उरतात: सिरीयल कन्सोल (मशीनचा बूट होतानाचा मजकूर दाखवणारी आणि आज्ञा घेणारी खिडकी) उघडून ग्रबपासून (कर्नल सुरू करून देणारा बूट प्रोग्राम) हात घालणे, किंवा मशीन बंद करून त्याची डिस्क सोडवणे आणि धडधाकट मशीनला जोडून ती तिथे दुरुस्त करणे. दोन्ही मी अनेकदा वापरले आहेत, आणि सर्वांना एकच मार्ग सोयीचा पडेल असे मी म्हणणार नाही.

नवे कर्नल (लिनक्सचा गाभा) बसवल्यावर पॅनिक येत असेल, म्हणजे ते सुरू होतानाच कोसळत असेल, तर कन्सोलला तोड नाही; मेनूतून जुने कर्नल निवडले की काम भागते. कर्नलच्या ओळीत (ग्रब कर्नलला जे पर्याय देतो त्या ओळीत) सिरीयल कन्सोलचा उल्लेख आधीपासून असावा लागतो, नाहीतर ग्रबनंतर पडदा कोरा राहतो, हे वाचकांना ठाऊक असेलच.

माझे मत फिरले ते एका क्षुल्लक चुकीमुळे. काढून टाकलेल्या डेटा डिस्कची ओळ मी एफस्टॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या, म्हणजे वापरासाठी जोडायच्या, त्याची यादी) तशीच ठेवली होती आणि तिच्यात नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा, हा पर्याय) लिहिलेले नव्हते. रीबूट केल्यावर सिस्टमडीने (कर्नलनंतर बाकीची यंत्रणा सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहिली आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये (केवळ दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) गेले. त्या ओळीपुढे एक हॅश (ओळ निष्क्रिय करणारे # हे चिन्ह) टाकला असता तर प्रश्न मिटला असता. पण रूट (प्रशासकाचे) खाते लॉक असल्यामुळे शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) देता येत नाही, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा, असा संदेश आला, आणि एंटर दाबले की फिरून तोच संदेश. क्लाउड इमेजमध्ये (ज्यावरून व्हर्च्युअल मशीन उभे करतात त्या तयार साच्यात) रूटला बहुधा पासवर्डच नसतो, हे मला अशा वेळी आठवले. कर्नलच्या ओळीत इनिट म्हणून बॅश देण्याची (म्हणजे सिस्टमडीऐवजी थेट शेल सुरू करण्याची) युक्ती माहीत होती, परंतु त्या इमेजमध्ये ग्रबची प्रतीक्षा शून्यावर ठेवलेली होती. एस्केप उशिरा दाबली तर मेनू निसटायचा, एकदा जास्त दाबली तर थेट ग्रबच्या कमांड लाइनवर जाऊन पडायचो. तासभर हाच खेळ चालला.

शेवटी डिस्क सोडवून दुसऱ्या मशीनला जोडली आणि माझ्या अंदाजाने दहा-बारा मिनिटांत काम उरकले. तिथे नेहमीचे एसएसएच (दुरून लॉगिन) होते, कॉपी-पेस्ट होते, आणि बिघडलेल्या मशीनचे जुने जर्नल (सिस्टमडीच्या नोंदी) निवांत वाचता आले. शिवाय हात लावण्याआधी डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतल्यामुळे चूक झाली तरी धास्ती नव्हती.

या मार्गातही खाचखळगे आहेत. मदतीचे मशीन त्याच इमेजवरून उभे केलेले असेल तर दोन्ही डिस्कचा यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळख क्रमांक) एकच निघतो. एक्सएफएस (फाइल सिस्टमचा एक प्रकार) असल्यास ती डिस्क नोयूयूआयडी हा पर्याय दिल्याशिवाय माउंट होत नाही, आणि दुसरी डिस्क जोडलेली असताना मदतीचे मशीन रीबूट केले तर ते भलत्याच डिस्कवरून वर येऊ शकते. म्हणून मी मदतीला शक्यतो वेगळ्या डिस्ट्रोचे (लिनक्सच्या वेगळ्या वितरणाचे) मशीन घेतो. इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टम) नव्याने बनवायचे असेल तर सीएचरूट करण्याआधी (जोडलेल्या डिस्कलाच मूळ मानून तिच्या आत काम करण्याआधी) डेव्ह, प्रॉक आणि सिस या सिस्टमच्या डिरेक्टरी तिथे बाइंड कराव्या (जोडून द्याव्या) लागतात, आणि ते बनवणाऱ्या ड्रॅकट या साधनाला कर्नलची आवृत्ती स्वतः सांगावी लागते. न सांगितल्यास ते मदतीच्या मशीनवर चालू असलेल्या कर्नलचीच आवृत्ती धरून बसते.

हे सारे सांभाळूनही मी हल्ली डिस्कच सोडवतो. कन्सोल उघडतो तो बहुतेक वेळा गाडी कुठे अडली आहे, एवढे वाचण्यापुरता.