गोधडी मशीनवर घालायची, पण कोणत्या? काळी पायमशीन की नवी इलेक्ट्रिक

घरात आजीची किंवा आईची काळी पायमशीन झाकून ठेवलेली असते. मशीनवर गोधडी शिकायची म्हटलं की मात्र पहिला विचार येतो तो नवीन इलेक्ट्रिक मशीन घेण्याचा. पैसे खर्च करण्याआधी एवढं वाचा.

गोधडीत खरा त्रास टाका घालण्याचा नसतोच. त्रास होतो तो वजनाचा आणि थर सरकण्याचा. खालचं कापड मशीनचे दाते ओढतात, वरचं कापड फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, अडतं, आणि रांगेच्या शेवटाला दोन बोटांची चुणी पडते. इथे काळी मशीन बाजी मारते. एक तर ती टेबलात बसवलेली असते, त्यामुळे गोधडी सपाट पसरते. पोर्टेबल इलेक्ट्रिक मशीन टेबलाच्या वर चार बोटं उंच बसते. गोधडी कडेवरून लोंबते, सुईला ओढ बसते आणि टाके बारीक-मोठे येतात. दुसरं, बहुतेक काळ्या मशीनच्या माथ्यावर फूटचा दाब कमी-जास्त करणारा स्क्रू असतो. तो थोडा सैल केला की वरचा थर कमी सरकतो. साध्या इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये बऱ्याचदा ही सोय नसते.

शिवाय पाय सवयीचा झाला की एकेक टाका मोजून घालता येतो, आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. पण सवय व्हायलाच वेळ लागतो. सुरुवातीला चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो, माणूस वैतागतो. गुडघे दुखत असतील तर हा पर्याय सोडाच.

इलेक्ट्रिकच्या बाजूने सांगायचं तर झिगझॅग मिळतो, ठिगळं लावायला तो फार उपयोगी. सुईपाशी दिवा असतो आणि काम झालं की मशीन कपाटात जाते. साध्या मशीनला १० हजारांच्या आसपास मोजावे लागतात. मात्र पाच-सहा थर सलग शिवताना मोटर तापते, मध्ये थांबा. मशीनच्या डाव्या बाजूला त्याच उंचीचा पाट किंवा पुस्तकांची चळत ठेवली की लोंबण्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

नागमोडी, फुलांची मोकळी शिलाई करायची असेल तर कापड हाताने फिरवावं लागतं, म्हणून दाते खाली जायला हवेत. नवी मशीन घेताना हे दुकानात विचारा, सगळ्यांत ही सोय नसते. काळ्या मशीनवर ती नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणून काम भागतं. तरी पहिल्या गोधडीला नागमोडीच्या वाटेला जाऊ नका.

वॉकिंग फूट मात्र कोणत्याही मशीनसाठी घ्या. तो वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे सरकवतो. विकत घेण्याआधी तुमच्या मशीनच्या फूटची दांडी आखूड आहे की उंच, ते बघून घ्या.

मशीन कुठलीही असो, सुरुवात दुपट्यापासून करा, ३६ बाय ४५ इंच पुरे. मोठी चादर मशीनच्या खांबाजवळच्या सहा-सात इंचांत गुंडाळून कोंबताना भलेभले रडकुंडीला येतात. आत जुन्या सुती साडीचे थर घाला. सिंथेटिक साडी निसटते. मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा, १६ नंबरची सुई घ्या, इंचाला आठ-नऊ टाके ठेवा. शिलाई मधून कडेकडे न्या, रांगांत दोन-तीन इंच अंतर सोडा. दाट रांगा दिल्या की गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, आणि हाताच्या धावदोऱ्याचा मऊपणा मशीनच्या टाक्याला तसाही नाही.

माझं विचाराल तर, काळी मशीन घरात असेल तर तेल घालून, पट्टा बदलून तिच्यावरच दोन दुपटी काढा. ती काढून झाल्यावरही झिगझॅग हवासा वाटला, तर इलेक्ट्रिक घ्या. घरात मशीनच नसेल तर जागा कमी लागते म्हणून थेट इलेक्ट्रिकच बरी.