आर्डुइनो उनोवरील एडीसी प्रात्यक्षिक : सात महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतील ज्या तंत्रनिकेतनात मी शिकवतो, तेथील प्रयोगशाळेसाठी जानेवारीत आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या धर्तीचे चार स्वस्त बोर्ड घेतले आणि तेव्हापासून अ‍ॅनालॉग संकेताचे अंकांत रूपांतर (हे काम चिपमधला एडीसी करतो) दाखवण्याचे प्रात्यक्षिक त्यांवरच चालते. जुळवणी सोपी आहे. पहिल्या दिवशीचा अर्धा वेळ मात्र संगणकाला पोर्टच दिसत नसल्याने गेला. या बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असून आमच्या जुन्या विंडोजवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागला.

१० किलो-ओहमच्या पॉटची (पोटेन्शिओमीटर, म्हणजे मूठ फिरवून बदलता येणारा रोध) दोन टोके ५ व्होल्ट व ग्राउंडला आणि मधली पिन ए० या अ‍ॅनालॉग इनपुटला जोडली, की मूठ फिरेल तसे संगणकावरील सिरियल मॉनिटरच्या खिडकीत ० ते १०२३ आकडे सरकतात. मुले खूश होतात, शिक्षकही निर्धास्त होतो, आणि खरी अडचण नेमकी इथेच झाकली जाते.

मार्चमध्ये पॉटच्या जागी एलएम३५ हा तापमापक संवेदक लावला. भिंतीवरचा तापमापक ३८ अंश दाखवत असताना बोर्ड ४१ सांगू लागला. मी संवेदकालाच दोष देऊन दोनदा तो बदलला. शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर ४.६ व्होल्टच भरले. यूएसबी हबमधून आलेल्या लांब, बारीक केबलचा तो प्रताप होता. एडीसी मुळात व्होल्ट मोजत नाही, तर संदर्भ व्होल्टेजशी असलेले प्रमाण सांगतो; वेगळे काही निवडले नाही तर हा संदर्भ म्हणजे बोर्डाचा ५ व्होल्टचा पुरवठाच. पॉटला मिळणारा पुरवठा आणि संदर्भ एकच असल्याने दोन्ही एकत्र घसरतात व आकडा हलत नाही. एलएम३५ मात्र पुरवठा कितीही असो, अंशामागे १० मिलिव्होल्टच देतो, त्यामुळे घसरलेल्या संदर्भाची चूक थेट तापमानात उतरते.

आता स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये) चिपमधलाच १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ निवडतो. एडीसीच्या आकड्याची एक पायरी ४.८८ ऐवजी सुमारे १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास ०.१ अंशाची होते. हा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून एरेफ या संदर्भ व्होल्टेजच्या पिनवर तो मोजून चारही बोर्डांवर आकडा चिकटवला आहे. त्याच पिनला बाहेरून व्होल्टेज जोडलेले असताना अंतर्गत संदर्भ निवडल्यास चिप जाऊ शकते, त्यामुळे तिथे कोणाला वायर लावू देत नाही. संदर्भ बदलल्यानंतरची पहिली काही रीडिंग सोडून देतो.

तासगावच्या एका विद्यार्थ्याने हीच जोडणी घरच्या बेदाण्याच्या शेडमध्ये नेली. तिथे रीडिंग नीट आली, पण बोर्डाला लागणारा करंट इतका कमी, की पॉवर बँक थोड्या वेळाने आपोआप बंद पडे. अखेर त्याने मोबाइलचा चार्जर वापरला.

वेगाबाबत तक्रार नाही. एका रूपांतरास सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात आणि तापमानासाठी ते भरपूर आहे. पुढच्या तुकडीला मात्र पॉटच्या आधी एलएम३५ देणार आहे, तोही त्याच बारीक केबलवर.